सदाशिव पेठेतल्या आमच्या रायटर काकूंना, सगळ्यांसमोर थँक्यू

प्रिय काकू,

तुमचा बीएचा निकाल लागला आणि फोनवर तुम्ही आधी काय सांगितलंत तर "अगं, आता मी रायटर म्हणून बाद झाले की!" पास झाल्याचं नंतर. मी आणि माझी रूममेट त्यावर अजून हसतोय. म्हणलं आता लिहूनच टाकावं, कारण तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणता आणि खिचडीची प्लेट पुढे सरकवता, मग विषय तिथेच संपतो. हे फोनला बोलून टाईप करतेय, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल फोनला बोला.

बाकी जे वाचतायत त्यांना आधी सांगते. मला दिसत नाही. लातूरकडच्या गावातून पुण्याला बीए करायला आले तेव्हा दोन गोष्टींची भीती होती, रस्ता आणि रायटर. रस्त्याचं काठीनं आणि लोकांना विचारत विचारत जमलं. रायटरचं अवघड होतं. आम्ही उत्तर सांगायचं आणि रायटरनं पेपरात लिहायचं, तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला त्या माणसानं चार तास बसून दुसऱ्याचं डोकं आपल्या हातानं उतरवायचं. त्यात तेव्हाच्या, 2018 च्या केंद्र सरकारच्या गाईडलाईन्सप्रमाणे रायटर आपला आपण आणला तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली लागायचं. नियम बरोबरच होता, नाहीतर एमए झालेला माणूस बसवून कोणीही फर्स्ट क्लास काढेल. पण बीएच्या पोरीला बारावी पास, दुपारी मोकळा, अक्षर वाचता येईल असा माणूस पुण्यात शोधून दाखवा बरं. कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा त्याच महिन्यात. पेन्शनर काका-काकू एका पायावर तयार, पण जो तो एमकॉम नाहीतर बीएड.

तुम्ही होस्टेलच्या ऑफिसात आलात तेव्हा म्हणे आधीच सांगून टाकलंत, माझं काही शिक्षण नाही हो, बारावी झाली आणि लग्न झालं, भाजी निवडून देईन, चादरींना टाके घालीन, काय असेल ते सांगा. मॅडम खुर्चीतून उठल्याच, "बारावी? मार्कशीट आहे का?" ती मार्कशीट तुम्ही ट्रंकेतून शोधून आणलीत. आयुष्यभर जे सांगताना तुम्ही आवाज खाली करायचात तीच तुमची क्वालिफिकेशन निघाली. हा किस्सा मी आता नोकरीला आहे त्या बँकेत पण सांगते, लोकांना फार आवडतो.

पहिल्या दिवशी आपण अलका चौकातून चालत निघालो तेव्हा तुम्ही विचारलंत, "कसं धरू तुला?" काकू, हे कोणी विचारत नाही. लोक चांगल्या मनानंच येतात पण थेट दंड धरून ओढत नेतात, एकदा तर मला रस्ता क्रॉसच करायचा नव्हता, बसची वाट बघत होते, आणि एका भल्या माणसानं मला पलीकडे नेऊन सोडलं आणि पुण्य घेऊन गेला. तुम्हाला मी सांगितलं की तुमचा कोपर द्या, मी धरते, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, म्हणजे तुम्ही कुठे वळता, कुठे पायरी उतरता ते मला आपोआप कळतं. तेव्हापासून तुम्ही मंडईत पण काकांना कोपर देता म्हणे. काकांना दिसतं, तरी.

पुस्तकांचं तर वेगळंच पुराण. सिलॅबसची बरीच पुस्तकं ब्रेलमध्ये नसतात, स्कॅन करून ऐकावीत तर मराठी जोडाक्षरांचा असा काही चिवडा होतो की ऐकवत नाही. तुम्ही वाचून रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपला पाठवायला लागलात. आधी घाबरलेल्या, "हे असं पुस्तकच्या पुस्तक वाचून पाठवलेलं कायद्यानं चालतं ना गं?" तेव्हा मी तुम्हाला ऐटीत सांगितलेलं की 2012 साली कॉपीराईट कायदा बदलला, न दिसणाऱ्यांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला सूट आहे, आणि मराकेश करार म्हणून जो याच सवलतीचा जगभरचा करार आहे त्याला सगळ्यात आधी, 2014 ला, मंजुरी दिली ती आपल्या देशानं. तुम्ही म्हणालात "मग ठीक आहे" आणि त्या दिवसापासून आवाज एकदम आकाशवाणीच्या बातम्यांसारखा खणखणीत.

त्या रेकॉर्डिंग्ज मी डिलीट केलेल्या नाहीत. मागे सगळं घर ऐकू येतं. पंचायत राजच्या धड्यात कुकर आहे, 73 वी घटनादुरुस्ती म्हणलं की मला अजून तिसरी शिट्टी आठवते आणि मग "एक मिनिट हं बाळा" आणि गॅस बंद केल्याचा टक आवाज. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी उत्तर सांगताना हसले आणि सुपरवायझरनं संशयानं आपल्याकडे बघितलं असं तुम्ही नंतर सांगितलंत.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. तुम्ही वाचता वाचता मध्येच थांबायचात आणि रेकॉर्डिंगमध्येच विचारायचात, "हे द्विगृही म्हणजे काय ते मला कळलं नाही, उद्या सांग." मग मला ते नीट समजून घ्यावं लागायचं, कारण पाठ केलेलं तुम्हाला चालायचं नाही, तुम्ही लगेच "म्हणजे?" म्हणायचात. मी तुम्हाला शिकवत होते काकू! लहानपणापासून मी घेणारी. कोणी वाचून देणार, कोणी पोचवणार, कोणी ताटात वाढून कुठे काय आहे ते सांगणार, आणि आपण थँक्यू म्हणत राहायचं, थँक्यू म्हणून म्हणून तोंड दुखतं हो. काही रायटर इतके दयाळू असायचे की त्यांच्यासमोर उत्तर आठवलं नाही तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक तर पेपरच्या सकाळी फोन बंद करून बसला होता, त्याचं सोडा. तुमच्याकडे मात्र हिशोब सरळ होता, तू मला शिकव, मी तुला लिहून देते. म्हणून तुमच्याकडून घ्यायला मला कधी जड गेलं नाही. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही, पण मानतेय.

विधान परिषदेचा धडा आठवतोय? 288 विधानसभेत, 78 विधान परिषदेत, त्यातले काही पदवीधर निवडून देतात. तुम्ही रेकॉर्डिंग थांबवलंत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, "म्हणजे मला एका निवडणुकीत मतच नाही? आमच्या वाड्यातला तो नुसता चौकात उभा राहणारा मुलगा मत देतो आणि मी नाही?" मी म्हणलं हो, तो बीकॉम आहे. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग काही दिवसांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलंत, वर "काकांना सांगू नकोस एवढ्यात." मला वाटतं काकांना आधीच माहीत होतं, कारण फीचे पैसे त्यांनीच भरले असं मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. आता एक वाईट बातमी, पदवीधर मतदारसंघात नाव लावायला पदवी मिळून किमान तीन वर्षं व्हावी लागतात. थांबा अजून. माझ्यावर चिडू नका, राज्यघटना मी लिहिलेली नाही.

लोकांना वाटतं रायटरचं काम सोपं, ऐकायचं आणि लिहायचं. माझ्या रूममेटचा इतिहासाचा पेपर तुम्ही लिहिलात तेव्हाची गोष्ट सांगते. तिनं वसईच्या तहाचं साल सांगितलं 1803. तुम्ही पेठेत वाढलेल्या, दुसरा बाजीराव, वसईचा तह, 31 डिसेंबर 1802, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येतं. ती सांगते की पेन थांबलं, तुमचा श्वास ऐकू आला, आणि मग पेन चाललं. 1803 लिहिलंत. पेपर सुटल्यावर गेटच्या बाहेर आल्या आल्या "अगं 1802 होतं गं ते!" आणि रात्री मला फोन करून तेच, झोप नाही लागली म्हणालात, हात थरथरत होता म्हणालात. मी विचारलं मग सांगितलं का नाही, तर म्हणालात "पेपर तिचा होता ना." रूममेट आजही म्हणते की त्या एका मार्कापेक्षा जास्त तिला काहीतरी मिळालं, कारण तोपर्यंत तिला नेहमी वाटायचं की तिचे मार्क तिचे नाहीतच, रायटरचे आहेत, लोक तसं बोलून पण दाखवायचे. तुम्ही चूक तिची तिला ठेवलीत म्हणून बाकीचे मार्क पण तिचे झाले.

आणि तुम्ही स्वतः काय म्हणालात ते पण सांगून टाकते, रागवा हवं तर: "घरात मला चाळीस वर्षांत कोणी इतकं गप्प बसवलेलं नाही, पण बरं वाटलं गं. डोकं शांत झालं."

बँकेची परीक्षा मात्र वेगळंच प्रकरण होतं. 100 प्रश्न, 60 मिनिटं, आपल्याला 20 जास्तीची, आणि सगळं कॉम्प्युटरवर. तुम्ही माऊस हातात धरलेला नव्हता, नातवाकडून शिकलात, तो तुम्हाला ओरडायचा म्हणे "आजी डबल क्लिक नको!" गोल टेबलाभोवती आठ माणसं बसलीयत, अ च्या डावीकडे तिसरा ब, असले प्रश्न तुम्ही एका लयीत, न घाईनं, न थांबता वाचायचात आणि मी ती आठ माणसं डोक्यात बसवत जायचे. तुम्ही घाबरून वाचलं असतं तर माझी माणसं उठून गेली असती. बाहेर आल्यावर तुमचं वाक्य, "हे आठ जण सरळ एका ओळीत का नाही बसत?" आज मी काउंटरच्या आत बसते, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. आईला गावात लोक विचारतात पोरगी काय करते, ती नुसतं "बँकेत" म्हणते आणि पुढचं बोलत नाही, तिला तेवढंच पुरतं.

तुम्ही परवा म्हणालात की मी काय केलं, दुपारी झोपायचे ती झोपले नाही एवढंच. बरं, एवढंच. पण मंडईतल्या बाया तुम्हाला आता "परीक्षेच्या काकू" म्हणतात, गुडघ्याचं दुखणं फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठे जातं ते डॉक्टरांनाही कळत नाही, आणि तुमच्या सूनबाई मला एकदा हळूच म्हणाल्या की आई हल्ली जेवताना घटनादुरुस्तीवर बोलतात. आधी सिरियलवर बोलायच्या. फोनवर ते बी माय आईज ॲप घेऊन बसलात, कोणाला दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून हवी असेल तर व्हिडिओ कॉल येईल म्हणून, आणि कॉलच येत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार! काकू, त्यात मदत मागणाऱ्यांपेक्षा मदत करणारेच कितीतरी जास्त आहेत, नंबर लागायला वेळ लागतो. मदत करायला पण लाईन आहे म्हणल्यावर तुम्ही नाक मुरडलंत ते मला आवाजात कळलं.

मी पण आता सुरू केलंय. ज्यांची नजर उतारवयात गेलीय, शुगरनं म्हणा, काचबिंदूनं म्हणा, अशा आजी-आजोबांना संध्याकाळी फोनवर टॉकबॅक शिकवते, म्हणजे फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो ते. एक आजोबा आहेत, रिटायर्ड मास्तर, एका बोटानं सरकवायचं आणि दोनदा टॅप करायचं एवढ्यावर आम्ही किती संध्याकाळी घालवल्या असतील. ते चिडतात, मी चिडते. पण फोन ठेवताना ते मला एक पाढा विचारतात, पावकी नाहीतर निमकी, म्हणजे पावाचा नाहीतर अर्ध्याचा पाढा, मला येत नाही, मग ते शिकवतात. तुमचीच ट्रिक वापरली मी, कबूल. त्यांचा स्वतःच्या हातानं लावलेला पहिला कॉल मलाच आला आणि ते काही बोललेच नाहीत, नुसतं "लागला" म्हणाले. बँकेतून दमून आलेली असते मी, तरी त्या दिवशी स्वयंपाकाला हात पटापट चालला.

तर थँक्यू काकू. काकांना पण, चार-चार तास कॉलेजच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे त्याबद्दल. तो थर्मास तुमचा माझ्याकडेच राहिलाय, आणते.

आणि हो, बाद वगैरे काही नाही. बीए झालात म्हणजे एमएवाल्यांना चालता तुम्ही, होस्टेलवर एमए मराठीच्या दोघी आहेत, तुमचं नाव मी आधीच देऊन टाकलंय. एफवायच्या मुलींसाठी मात्र बारावी पास पाहिजे. नातू यंदा बारावी झाला ना? विचारून बघा, अक्षर कसंय त्याचं? हो म्हणाला तर बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स आणि पासपोर्ट साईझचे दोन फोटो तयार ठेवायला सांगा, कॉलेजचं टाईमटेबल आलं की मी फोन करते.

तुमची,
तिसऱ्या शिट्टीवाली