चि. बंड्यास

चि. बंड्या,

काल कोलंबोहून तुझा फोन आला आणि मी तो मध्येच ठेवला. रागाने नाही रे. जहाज जाणार तांबड्या समुद्रातून आणि तू म्हणालास, ‘आईला सांगा, आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालूनच जातोय.’ मला पुढे बोलवेना. ती तेव्हा तुझ्यासाठी मेतकुटाच्या डाळी भाजत होती.

शिकवायला बसलेलो नाही. पण ट्यूटर जहाजाचं लक्षात ठेव. जून 2024 मध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी माणसाविना चालणारी बोट त्याच्या मागच्या अंगावर आदळवली आणि इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. तिथला एक फिलिपिनो खलाशी वर आलाच नाही. तू फोर्थ इंजिनिअर, तुझीही जागा तीच.

आमच्या वेळी समुद्रावरची लढाई म्हणजे मोठ्या देशांचं काम. आता इराणकडून आलेल्या सामानावर हे बंडखोर ड्रोन सोडतात. ड्रोन काही हजार डॉलरचा आणि तो पाडायला अमेरिकेचं क्षेपणास्त्र 20 लाख डॉलरचं. हा हिशेब किती दिवस चालणार? तांबड्या समुद्राचं तोंड, बाब-एल-मंदेब, जेमतेम 30 किलोमीटर रुंद. त्यातून तुमचं एवढं धूड जाणार आणि तू त्याच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. पुन्हा तेच सांगतोय, माफ कर.

नौदलाची कोलकाता युद्धनौका पाण्यात उतरली 2006 ला, तू पहिलीत होतास. तिच्या तळाचा मी वेल्ड केलेला एक सांधा एक्स-रेत नापास झाला होता. मी तो ग्राइंड करून रात्रपाळीत पुन्हा भरला. घरी सांगितलं तर तू विचारलंस, ‘बाबा, आतून पोकळ आहे हे कळलं कसं?’ तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं, हा पोरगा मशिनीतच जाणार.

त्याच कोलकातानं मार्च 2024 मध्ये एडनच्या आखातात हुथींच्या माऱ्यात सापडलेल्या ट्रू कॉन्फिडन्स जहाजावरची 21 माणसं वाचवली. मी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. रात्री नीट वाचलं, तर त्या जहाजावरचे तिघे आधीच गेले होते. उरलेला पुडा फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवला.

युद्धक्षेत्र ठरलेल्या पट्ट्यात जायला नाही म्हणायचा हक्क युनियनच्या करारात असतो, घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. तुझा करार काढून बघ. त्या पट्ट्याचा जादा पगार नंदाताईच्या लग्नाच्या कर्जासाठी धरला असशील, तर ते कर्ज माझं आहे, तुझं नाही. हे जरा जोरात लिहिलं गेलं. तू लहान नाहीस, कळतंय मला.

आणि जायचंच ठरलं असेल, तर तेवढा पट्टा ओलांडेपर्यंत सेकंड इंजिनिअरला विचारून वर राहा. तुमची इंजिनरूम माणसाशिवाय चालते असं तूच म्हणाला होतास ना? खाली अलार्म वाजला तरी एकटा उतरू नकोस.

आईशी मी खोटं बोलणार नाही. तूच सांग. सातनंतर ती मोकळी असते.

तुझा,
बाबा