शर्ट जळणार नाही

बडोदा,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय चिऊ,

तुझं पत्र आणि लाल पेनानं रंगवलेली पटकथा दोन्ही पोचली. आजीनं ती पानं पाहून विचारलं, "नापास झालीस का गं?" असो. बाकीच्या खुणा मुकाट्यानं मान्य. पण तुझा मोठा आक्षेप काही केल्या पटत नाही, म्हणून हे लांबण. तुझं म्हणणं, माझ्या फिल्ममधला इस्त्रीवाला पोरगा दिवसभर मनात मांडे खात इस्त्री फिरवतो, तर एकदा तरी शर्ट जळायला हवा. नाहीतर त्याच्या स्वप्नाळूपणाची किंमत प्रेक्षकाला कळायची कशी?

अगं, शर्ट जळला की गोष्टच संपते! गिऱ्हाईक ओरडणार, मालक झापणार, पोरगा ताळ्यावर येणार. हे तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटुकलं झालं.

दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दादांचं इस्त्रीचं दुकान आहे ना, तिथे हल्ली मी जाऊन बसते. कोळशाची जड इस्त्री. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, शेवटी पाठ आणि पुढच्या बाजू. बटणांच्या मधून टोक असं फिरतं की एकाही बटणाला धक्का नाही. आणि नजर? नजर समोरच्या भिंतीच्याही पलीकडे. एकदा विचारलं, "दादा, आत्ता कुठे होतात?" तर म्हणाले, "गावाला जाऊन आलो." हात चुकत नाही, चिऊ. उलट डोकं गावाला गेलेलं असतं म्हणूनच हाताला तो ढीग उपसवतो. माझी फिल्म आहे ती एवढ्यावरच. स्वप्नांनी पोराचं काम बिघडत नाही, निभतं. आणि निभतं म्हणून तो तिथेच राहतो. रेल्वे भरतीचा फॉर्म गल्ल्याखाली पडलाय, आणि हा टीसीचा काळा कोट इस्त्री करता करता मनातल्या मनात मुंबईपर्यंत तिकिटं तपासून परत येतो. इतका छान जाऊन येतो, की फॉर्म भरायची निकड उरत नाही.

आता खरी पंचाईत. स्वप्नातल्या गाडीत त्याला कुणी अडवतच नाही. सगळे निमूट तिकीट दाखवतात, म्हातारे आशीर्वाद देतात. ते त्याला गोड, पण बघणाऱ्याला दोन मिनिटांत कंटाळा. अडवणारं कुणी नसलं तर नाटक कसलं? म्हणून आता दुकान हळूहळू गाडीत घुसवतेय. पहिल्या स्वप्नात काहीच नाही. दुसऱ्यात एक प्रवासी तिकिटाऐवजी धोब्याची चिठ्ठी काढतो. शेवटच्या स्वप्नात अख्खा डबा एका सुरात विचारतो, "भाई, कपडां थई गयां?" म्हणजे, कपडे झाले का?

स्वप्नांसाठी ठरवलेले धूर आणि स्लो मोशन दोन्ही रद्द. स्लो मोशनला थोडं ट्यूबलाइटनंही रद्द केलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण स्लो मोशनसाठी सेकंदाला 120 फ्रेम्सवर घेतलेल्या चाचणीत अख्खं दुकान थरथरताना दिसलं. सेकंदाला 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 सेकंद ठेवलं की चित्र शांत. मग सगळं त्यातच घ्यायचं ठरवलं, स्वप्नसुद्धा. फरक फक्त आवाजात. दुकानात रिक्षा, शेजारचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या, सगळं सरमिसळ. स्वप्न सुरू झालं की मागचा सगळा गलबला एका फटक्यात बंद. राहतो फक्त ओल्या कापडावर इस्त्री टेकल्याचा चर्र आवाज. चित्रात गाडी धावतेय आणि कानावर इस्त्री. म्हणजे तो दुकानातून हललेलाच नाही, हे न सांगता कळेल. (आमच्या सरांच्या मते प्रेक्षक गोंधळेल. गोंधळू दे की थोडा.)

तू मानसशास्त्रवाली, म्हणून तुझ्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, पोराला डॉक्टरांकडे नेण्याच्या. इस्रायलमधल्या हायफाचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी 2002 मध्ये अतिरेकी दिवास्वप्नांवर जो निबंध लिहिला तो वाचला. सहाच रुग्णांवर आधारलेला आहे, पण येरझाऱ्या घालत तासन्‌तास मनातली गोष्ट पुढे नेणारी माणसं त्यात भेटतात. रोगांच्या अधिकृत यादीत हे अजून नाही, ते तूच सांगितलंस. मग माझ्या पोराला तू घाईनं रुग्ण का करतेस? डॉक्टरांचा प्रसंग मी घालणार नाही. त्याला नाव चिकटलं की प्रेक्षक सुटतो, "आपल्याला काही तसलं नाही" म्हणून.

वर्षं गेलेली कशी दाखवायची, त्याचं उत्तर मात्र घरच्याच माणसानं दिलं. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, हे आपण बडोदेकर येईल त्याला ऐकवतोच. पण 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावून, कॅमेरा एका जागी ठेवून, एकेक फ्रेम टिपत रोपाची वाढ पडद्यावर आणली, ते मी विसरलेच होते. तसाच माझा कॅमेरा टेबलाच्या बरोबर वर. टेबलावरची चादर पांढरी, मग पिवळट, मग तपकिरी, मधोमध इस्त्रीच्या आकाराचा डाग गडद होत जाणारा. दादांनी जुन्या चादरी देऊन टाकल्यात. वर आईचं म्हणणं, "घरात आणल्यास तर बघ!"

नट आमच्याच वर्गातला आहे. मानधन म्हणून रोज सेव-उसळ खातो आणि तर्री जास्त मागतो. इस्त्री शिकतोय दादांकडे, कारण हातांचे क्लोजअप दुसऱ्याच्या हातांचे घ्यायचे नाहीत.

तर आता कामाचं. दिवाळीत येशील तेव्हा तुझा रेकॉर्डर आण, हेडफोनसकट. बडोदा स्टेशनवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीत बसून डब्यातले आवाज घ्यायचेत, ते मला एकटीला जमणार नाही. आणि त्या शेवटच्या स्वप्नातल्या डब्यात बसायला माणसं हवीत. तुझ्या आत्याला आणि काकांना तू विचार, मी विचारलं तर काका आधी पटकथा मागतील.

तुझीच,
ताई नको म्हणूस, तीन महिन्यांनीच मोठी आहे