मशीन बॉल-स्ट्राइक सांगेल, पण अंपायरला शिकवणारा कोण निवडतं?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात बेसबॉलमधे आता मशीन अंपायर आले अशी बातमी वाचली, आणि त्यात अंपायरच्या चुकांचा विषय आता संपलाच असा जो सूर होता ना, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत, आणि नोकरी सांभाळून शाळांच्या आणि लिटल लीगच्या (लहान पोरांच्या) मॅचेसना अंपायरिंग करतो.

आधी ते मशीनचं. 2026 पासून मेजर लीगमधे (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) पिचरने टाकलेला बॉल ठरलेल्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल) हे पहिल्यांदा माणूसच सांगतो, नाही पटलं तर बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकी कुणीतरी लगेच टोपीवर नाहीतर हेल्मेटवर हात मारायचा की मग कॅमेरा निकाल देतो. टीमला सुरुवातीला 2 चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शाबूत राहतं. बस, एवढंच! आउट-सेफसाठी रिप्ले आहे, पण खरी भांडणं ज्या रूल्सवरून होतात तिथे आजही मैदानावरचा माणूसच आहे. आणि शाळेच्या मॅचला ना कॅमेरा ना रिप्ले, दोन अंपायर, कधी कधी तर एकच, आणि जाळीमागे ओरडणारे आईबाप.

इन्फिल्ड फ्लायच घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत (किंवा तिन्ही बेस भरलेत), दोनपेक्षा कमी आउट, आणि बॅटरने उंच बॉल उडवला जो इन्फिल्डर (बेसच्या आसपासचा फिल्डर) आरामात पकडू शकतो, तर अंपायर कॅच व्हायच्या आधीच बॅटरला आउट देतो. का? कारण नाहीतर फिल्डर मुद्दाम कॅच सोडेल, कॅच होईल म्हणून बेसला चिकटून उभे असलेले रनर अडकतील आणि एकाच्या जागी दोन आउट फुकटात मिळतील. कारण कळलं की रूल पाठ करावा लागत नाही. पण बहुतेकांना वाटतं की बॉल इन्फिल्डमधेच पडायला पाहिजे, तसं रूलमधे कुठेच नाहीये, इन्फिल्डरला तो साध्या प्रयत्नात पकडता येत होता का एवढंच बघायचं. 2012 मधे अटलांटात ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्स या टीमच्या वाइल्ड कार्ड मॅचमधे (हरला तो बाहेर) अंपायर सॅम होलब्रूक यांनी लेफ्ट फिल्डच्या गवतावर गेलेल्या बॉलला इन्फिल्ड फ्लाय दिला, तर लोकांनी मैदानात बाटल्या न् कचरा फेकला, 19 मिनिटं खेळ बंद. माझं मत विचाराल तर जागेचा मुद्दाच नव्हता, कॉल उशिरा आला हा मुद्दा होता, आणि कॉल कधी द्यायचा हे रूलबुक वाचून येत नाही, ते कुणीतरी मैदानात उभं राहून शिकवावं लागतं.

2024 च्या मे महिन्यात शिकागोत तर मॅचच अशी संपली. नववी म्हणजे शेवटची इनिंग, ओरिओल्सची टीम 8-6 ने पुढे, एक आउट, बॉल हवेत, इन्फिल्ड फ्लाय दिलेला, म्हणजे बॅटर आउटच, आणि तेवढ्यात समोरच्या व्हाइट सॉक्सचा रनर शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) वाटेत आला म्हणून तोही आउट, तीन आउट झाले की इनिंग संपली, गेम ओव्हर. मुद्दाम केलं का हा प्रश्नच त्यात येत नाही. क्रिकेटमधे 2023 च्या वर्ल्ड कपला अँजेलो मॅथ्यूजला टाइम्ड आउट दिलं तेव्हा सगळा देश रूलबुक शोधत होता ना, तसं इथे दर सीझनला होतं.

आणि आम्ही अंपायर लोक म्हणजे तर काय, मॅच संपली की पार्किंग लॉटमधे गाडीच्या डिकीपाशी बूट बदलता बदलता तासभर हेच. फिल्डरने ग्लव्ह फेकून मारला आणि तो बॅटने मारलेल्या बॉलला लागला तर 3 बेस, थ्रो केलेल्या बॉलला लागला तर 2, लागलाच नाही तर काही नाही. किंवा तो चौथा आउट! 2009 मधे डॉजर्स टीमला ॲरिझोनाविरुद्ध याच भानगडीत एक रन मिळाली. लाइन ड्राइव्ह (सरळ वेगात मारलेला बॉल) कॅच झाला, दुसऱ्या बेसच्या रनरला टॅग करून (हातातला बॉल त्याला लावून) तिसरा आउट झाला, पण त्याच्या आत तिसऱ्या बेसवरचा रनर होमला पोचलेला. तो कॅच व्हायच्या आधीच बेस सोडून पळालेला, पण फिल्डिंग टीमने अपील न करताच मैदान सोडलं, म्हणून रन धरली. तीन आउट झाल्यावरही अपील करून चौथा घेता येतो आणि रन पुसता येते, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अंपायरने अशा वेळी गप्प राहायचं असतं, सुचवायचं नसतं.

भारी मजा येते या गप्पांना, नाही म्हणत नाही. पण गडबड पुढे आहे. मीटिंगमधे जो असे आडवळणाचे रूल फाडफाड बोलतो तोच ट्रेनर होतो. नाहीतर जो सगळ्यात जुना तो. आणि आमच्याकडे (असोसिएशनचं नाव घेत नाही) मॅचेस वाटून देणारा माणूसच ट्रेनर पण निवडतो, मग कोण बोलणार की साहेब तुमचा ट्रेनर नीट शिकवत नाही, पुढच्या आठवड्यात मॅच मिळायची नाही! नवीन पोरं शाळेच्या कँटीनमधे बसून स्लाइड्स बघतात, मास्क हातात न घेता ट्रेनिंग संपतं, आणि एप्रिलमधे पहिल्याच मॅचला फर्स्ट बेसवर चुकीच्या अँगलला उभी राहतात. जवळ जाण्यापेक्षा अँगल महत्त्वाचा, पाय बेसवर बघायचा आणि बॉल ग्लव्हमधे गेल्याचा आवाज ऐकायचा, हे कुणी करून दाखवलेलंच नसतं. त्यात शाळांचं रूलबुक वेगळं. प्रोमधे बाल्क (पिचरची नियमाबाहेरची हालचाल) झाला तरी खेळ लगेच थांबत नाही, हायस्कूलमधे तिथल्या तिथे डेड बॉल. खोटा टॅग दाखवला तर हायस्कूलमधे ते ऑब्स्ट्रक्शन (रनरला अडवणं), प्रोमधे नाही. टीव्हीवर बघून शिकलेला ट्रेनर इथे हमखास गोंधळ घालतो.

प्रोमधे निदान चाळणी तरी आहे. अंपायर स्कूलमधे शिकवणारे स्वतः मेजर किंवा मायनर लीगमधे (मेजरच्या खालच्या लीग) उभे राहिलेले असायचे. जेन पावोल या ऑगस्ट 2025 मधे मेजर लीगच्या सीझनमधल्या मॅचला उभ्या राहणाऱ्या पहिल्या बाई अंपायर, त्यांनी त्याआधी जवळजवळ दहा वर्षं मायनर लीगमधे काढली, आणि तिथे सीझनभर कुणीतरी येऊन तुमचं काम बघून लेखी रिपोर्ट देतं. आमच्या लेव्हलला ट्रेनरचं काम बघायला कोण येतं? कुणीच नाही.

ट्रेनर व्हायचंय त्याने आधी मैदानात एक तास नवीन पोरांना शिकवून दाखवावं आणि त्या पोरांनी नाव न लिहिता मत द्यावं, एवढं जरी केलं तरी निम्मे उमेदवार आपोआप गळतील असं मला वाटतं. एखादा रूल विचारला की नुसता नंबर न सांगता तो का आहे हे दोन वाक्यात सांगता आलं पाहिजे. मॅचेस वाटणाऱ्याने या निवडीत अजिबात पडू नये. यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं, की माणसंच मिळत नाहीत, जो तयार होईल त्याला घ्यावं लागतं. पण शाळेत शिकवणारे, शिकवायची सवय असलेले दोघं-तिघं आमच्यातच आहेत, त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही, कारण ते मीटिंगमधे मागे बसतात आणि चौथ्या आउटवर बोलत नाहीत.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी