वाहनाच्या नोंदीतला मोबाइल नंबर तपासा

सर्व सभासदांना नमस्कार,

गाड्यांची नोंद 'वाहन' आणि लायसन्सची 'सारथी' या देशभरच्या प्रणालीत असते. कॅमेऱ्याने पकडलेल्या ई-चलानचा मेसेज तिथल्याच नंबरवर जातो. जुना नंबर असेल तर दंड साचत राहतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर आजच तपासा.

गाडी विकली असेल तर जास्त काळजी घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद आपल्याच नावावर राहिली, तर अपघाताची भरपाईही आपल्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितले आहे.

चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) मात्र कुणीही उघडू नका!