मण्याचा आकार आणि मनगटाचा घेर

मा. संपादक महोदय,

स्फटिकाचे ब्रेसलेट घेताना आपण रंग आणि चकाकी बारकाईने पाहतो, मण्याच्या आकाराचा विचार मात्र शेवटी करतो, हे मला खटकते. दोरा मण्याच्या मध्यातून जात असल्यामुळे मणी जेवढा मोठा, तेवढी आतली जागा कमी होते. १६ सेंटिमीटर घेराच्या मनगटाला ८ मिलिमीटरचे साधारण २३ मणी लागतात. १० मिलिमीटरचे मणी घेतले, तर ओवलेली लांबी १९ सेंटिमीटरच्या वर न्यावी लागते, नाही तर इलॅस्टिकचा दोरा सतत ताणलेला राहतो, मण्यांमध्ये फटी दिसू लागतात आणि भोकाच्या कडेला घासून तो लवकर तुटतो. वजनाबद्दल तर कोणी बोलतच नाही. १० मिलिमीटरचा एक मणी ८ मिलिमीटरच्या मण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. नाजूक मनगटाला ६ मिलिमीटर पुरे. रुंद मनगटावर १० शोभतो. विक्रेत्यांनी पाकिटावर मण्याचा व्यास आणि ब्रेसलेटचा आतला घेर असे दोन्ही आकडे छापावेत, आणि ग्राहकांनीही मापपट्टीने मनगट मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक