पाणपोईचा इतिहास नुसत्या कोनशिलेवर नसतो

मा. संपादक,
स.न.

छोट्या गावातल्या स्मारक पाणपोईवरचा तुमचा लेख वाचला, छान होता, पण सगळा जोर देणगी कुणी दिली, कुणाच्या स्मरणार्थ आणि उद्घाटनाला कोण पाहुणे आले यावरच. म्हणजे दगडावर कोरलंय तेच परत छापलं. पाणी कोण प्यायचं, कसं प्यायचं ते राहूनच गेलं.

अमेरिकेत हर्मन ली एन्साइन नावाच्या माणसाच्या पैशातून नॅशनल ह्युमेन अलायन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावी ग्रॅनाइटच्या सव्वाशेच्या आसपास पाणपोया दिल्या. त्यात सिंहाच्या तोंडातून पाणी मोठ्या गोल कुंडात पडायचं, ते घोड्यांसाठी, आणि अगदी तळाशी, माणसाच्या घोट्याजवळ, छोट्या वाट्या कोरलेल्या, त्या कुत्र्यांसाठी! फोटोत हा भाग नेहमी कापला जातो. लंडनच्या पाणपोई संस्थेनेही १८६७ मध्ये आपल्या नावातच गुरांचे हौद घातले होते.

पेल्याची गोष्ट तर अजून भारी. लंडनच्या या संस्थेची पहिली पाणपोई २१ एप्रिल १८५९ ला एका चर्चच्या कुंपणात सुरू झाली, साखळीला पेले बांधलेले आणि वर कोरलेलं की पेला जागेवर ठेवा. कॉलऱ्याच्या साथींनी शहर हैराण होतं, १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नोने साथीचं मूळ म्हणून तिथल्याच ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं होतं, म्हणून लोकांना स्वच्छ पाणी फुकट द्यायचं ठरलं, आणि दिलं ते सगळ्यांच्या उष्ट्या पेल्यातून! पुढे १९०९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने रेल्वे आणि शाळांमधला असा सामायिक पेला बंद केला. मग पेल्याशिवाय थेट धारेला तोंड लावून प्यायचे नळ आले, सरळ वर उडणारी धार तोंडाला लागून परत तोटीवरच पडते म्हणून ती नंतर तिरकी केली. जुन्या पाणपोईवर साखळीची कडी दिसली तर ती या सगळ्याच्या आधीची खूण समजा.

मोटारी आल्यावर घोडे गेले, चौकातल्या पाणपोया ट्रॅफिकला आडव्या येतात म्हणून हलवल्या, कितीतरी कुंडांत माती भरून फुलझाडं लावली. देणगीदाराचं नाव मात्र दरवेळी नव्याने रंगवलं जातं, ते कसं काय जमतं देव जाणे.

तेव्हा पुढचा भाग छापणार असाल तर वार्ताहराला जरा खाली वाकून फोटो काढायला सांगा, आणि पाणी कधी बंद झालं, का झालं हे विचारायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक