विषय: उबंटू (लिनक्स) सिस्टीमसह विकलेल्या लॅपटॉपचे स्पीकर बंद, तक्रार न सोडवताच ‘समाधानकारकरीत्या बंद’ केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. लगेच एसएमएस आला, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ समाधान कोणाचं झालं, ते लिहिलेलं नाही.

हेडफोन लावला की आवाज स्वच्छ, काढला की स्पीकर ठार मुके. आवाजाची उपकरणं दाखवणाऱ्या ‘एप्ले’ या कमांडच्या यादीत साउंड कार्ड दिसतं. आवाज कमी-जास्त करायच्या अल्सामिक्सरमध्ये काहीही म्यूट नाही. गाणं लावलं की आवाज पुढे पाठवणाऱ्या पाइपवायर या प्रोग्राममधली आवाजाची पट्टी हलते. म्हणजे आवाज तयार होतोय, स्पीकरपर्यंत पोचत नाहीये. का, ते कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्येच आहे: स्पीकर चालवणाऱ्या सीएस३५एल४१ या ॲम्प्लिफायर चिपपुढे ‘प्लॅटफॉर्म नॉट सपोर्टेड’, आणि त्याच्या वरच्या ओळीत चिपबद्दलची माहिती (प्रॉपर्टी) सापडली नाही म्हणून एरर कोड उणे २२.

ही चिप तुमच्या बोर्डावर कशी जोडली आहे, रिसेटची पिन कुठली, व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कोणत्या प्रकारचा, हे चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरला बायॉसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) एसीपीआय टेबलमधून, म्हणजे सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या तक्त्यातून कळतं. मी ते टेबल काढून उलगडून पाहिलं. चिपची नोंद आहे, तिच्याखाली हा तपशील देणारा डीएसडीचा भाग असायला हवा तो नाही. माहिती नसताना ड्रायव्हर अंदाजाने बूस्ट देत नाही, आणि देऊही नये, स्पीकर जळतील. तेव्हा दोष ना उबंटूचा, ना चिपवाल्यांचा. बायॉस तुमचं आहे.

हे सगळं मेलने कळवलं, साउंडची सगळी माहिती असलेली अल्सा-इन्फोची अख्खी फाइल जोडली. उत्तर आलं, ‘कृपया समस्येचा स्क्रीनशॉट पाठवा.’ आवाज न येण्याचा स्क्रीनशॉट!

आता आजचा फोन. बाई म्हणाल्या, “सर, डिव्हाइस मॅनेजर उघडा.” म्हटलं, तो विंडोजमध्ये असतो, उबंटूत नसतो. “ओके सर. मग स्टार्टवर राइट क्लिक करा.” मी पुन्हा सांगितलं. होल्डवर बासरी वाजली. छान ऐकू आली, फोन तुमच्या कंपनीचा नाही. मग सीनियर आले. “सर, लिनक्स तुम्ही बाहेरून टाकलंय, त्याला सपोर्ट नाही.” बाहेरून? तुमच्या बिलावर उबंटू छापलंय, खोक्यावरही छापलंय. मी बिलाची ओळ वाचून दाखवली. दोन क्षण शांतता. “मग विंडोज टाकून बघा सर. लायसन्स मात्र तुम्हाला घ्यावं लागेल.” तुमचा बायॉस तपासायला मी लायसन्स विकत घ्यायचं? त्यावर अगदी प्रेमाने, लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, “सर, हेडफोनमध्ये येतोय ना आवाज? मग प्रॉब्लेम नक्की काय आहे?”

प्रॉब्लेम हा आहे की मी स्पीकरचेही पैसे दिलेत. घरातल्या चौघांनी मिळून काही ऐकायचं तर एक हेडफोन आठ कानांना कसा लावायचा, तेवढं सीनियर साहेबांना विचारून कळवा.

आणि उबंटू तुम्हीच टाकून दिलंय, हे पुन्हा लिहितो, कारण तुमच्याकडे ते कोणी वाचलेलं दिसत नाही. आधीचे दोन्ही लॅपटॉप तुमच्याच कंपनीचे होते. भावाला घेतानाही मीच तुमचं नाव सुचवलं. आता तो मलाच शिव्या घालेल.

मदरबोर्ड बदलून काही होणार नाही, नव्यावरही हेच बायॉस असेल. मला दुरुस्त केलेलं बायॉस अपडेट हवं आहे. महिनाअखेरपर्यंत ते आलं नाही, तर पैसे परत करा. तेही जमत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि तिथून थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार मला माझ्याच जिल्ह्यात दाखल करता येते. तुमच्या वकिलांना मात्र इथवर यावं लागेल.

बिलाची प्रत, लॉग आणि अल्सा-इन्फोची फाइल पुन्हा जोडली आहे. यापुढे फोन करायचा असेल तर ज्याला एसीपीआय म्हणजे काय ते माहीत आहे अशाच माणसाने करावा.